मोजणीदार शोधताना

अकराव्या दिवशी खालच्या हॉलमध्ये अक्षता पडल्या, तेव्हा वरच्या मजल्यावर आमच्या कॅमेऱ्यापुढं एकशे नव्वदावा मोजणीदार उभा होता. त्याच्या वाक्याच्या मध्येच खालून ‘शुभमंगल सावधान’ आलं आणि तो थांबला. मग बँड सुरू झाला. मे महिना, दुपारचे साडेबारा, घरघर रेकॉर्ड होते म्हणून तिन्ही पंखे बंद, आवाज अडवायला खिडक्यांना कार्यालयाच्याच गाद्या टेकवलेल्या. रुमालानं मान पुसत गडी म्हणाला, “मॅडम, आता हाय हितं तर खाली जेवूनच येऊ का?”

गावभागातल्या मंगल कार्यालयाचा वरचा मजला स्वस्तात मिळाला तेव्हा लग्नसराईचा विचार आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. आमच्या निम्म्या ऑडिशनच्या मागं मंगलाष्टकं आहेत.

मी सांगलीत शाळेत मराठी शिकवते आणि बावीस वर्षं हौशी नाटक करते. राज्य नाट्य स्पर्धेत कधी नायिका, पुढं तिची सासू, अलीकडं बऱ्याचदा नुसती प्रॉम्प्टर. उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर पुण्याहून एका दिग्दर्शकाचा फोन आला. सिनेमाचं लोकल कास्टिंग बघाल का, असं विचारत होता. पैसे बरे होते, सुट्टी होती, आणि कादंबरी ‘ती’ होती. तिचं नाव इथं लिहिता येत नाही, तसं करारात आहे. पण वाचणाऱ्याला नावाची गरज पडू नये.

सरकारी खात्यातला एक मोजणीदार. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजतो. एका शेतात हद्दीचा दगड बसवताना त्याच्या मनात येतं, की बांधाच्या अलीकडची जमीन याची, पलीकडची त्याची, मग हा दगड कुणाचा? तिथून पुढची तीनशे पानं तो हेच विचारत राहतो. जमिनीवरून घरावर येतो, घरावरून देहावर, देहावरून ‘मी’वर. घडत काही नाही. तरी आमच्या भागात घराघरांत ही कादंबरी आहे. त्यातलं ‘दगडाचं पान’ लोकांना पाठ आहे. वक्तृत्व स्पर्धेत पोरं ते म्हणतात, निरोपसमारंभात साहेब म्हणतात. बांधाचा दावा तिसऱ्या पिढीत चालवणारे माझे चुलतसासरेसुद्धा ते डोळे मिटून म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी तारखेला जातात.

दिग्दर्शक पस्तिशीचा, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. तो मला ताई म्हणायचा, मी त्याला सर. सिनेमात चहावाला सोडून सगळेच सर असतात. सांगलीच का, तर गोष्ट नदीकाठची, मळीच्या रानातली. आणि दुसरं म्हणजे इथं नट पुष्कळ, असं त्याला कुणीतरी सांगितलेलं. ते खरंच आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली पटवर्धन सरकारांच्या आश्रयानं इथं ‘सीता स्वयंवर’ केलं, तेव्हापासून सांगली म्हणजे नाट्यपंढरी. आता पंढरी म्हटलं की वारी आलीच. पहिल्या दिवशी सकाळी नऊ वाजता जिना खालपर्यंत भरला होता आणि रांगेचं टोक रस्त्यावरच्या रसवंतीत होतं.

पहिल्या दोन दिवसांतला बराच वेळ फॉर्म भरून घेण्यातच गेला. नाव, गाव, वय, उंची, पोहता येतं का, सायकल येते का, रजा मिळेल का. मग कॅमेऱ्यात बघून ओळख, डावी बाजू, उजवी बाजू, दोन्ही तळहात पुढून-मागून. तळहात कशाला, असं एका आजोबांनी विचारलं, “भविष्य बघताय व्हय?” काही लोक आधी पाकीट काढायचे. “किती भरायचं?” पैसे लागत नाहीत म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर आनंदाऐवजी संशय यायचा. पूर्वी कुठंतरी ‘रजिस्ट्रेशन’च्या नावाखाली हजार-दोन हजार गेलेले असायचे. तिसऱ्या दिवशी तर आमचीच जाहिरात, खाली कुणाचा तरी नंबर आणि पाचशे रुपये फी टाकून, माझ्याच व्हॉट्सॲपवर आली. त्यानंतर जिन्याच्या तोंडाशी मोठा कागद लावला: इथं पैसे घेत नाहीत. त्याखाली दुपारपर्यंत कुणीतरी पेननं लिहिलं होतं, ‘मग काय घेता?’

चूक आम्ही पहिल्याच सकाळी केली. सगळ्यांना दगडाचं पान दिलं.

वाटलं होतं, पुस्तकाचा गाभाच तो, ज्याला ते पेलेल तो आपला माणूस. झालं असं, की कुणी कागद हातातच घेतला नाही. सगळ्यांना पाठ होतं. आणि पाठ असलेलं म्हणताना माणूस विचार करत नाही, आठवत असतो. कॅमेऱ्यात ते इतकं स्वच्छ दिसतं की बघवत नाही. डोळे किंचित वर जातात, उजव्या कोपऱ्यातून पुढचं वाक्य उचलून आणतात. एकानं ‘दगड’ म्हणताना खरोखर मूठ वळून वर केली. दुसरा शेवटच्या ओळीला रडला, तो रोज त्याच ओळीला रडत असणार. चार दिवसांत मी ते पान इतक्या वेळा ऐकलं की घरी पोळ्या लाटताना तोंडातून यायला लागलं. मुलगी म्हणाली, “आई, बास कर.”

दुसरी गंमत दिसण्याची. मोजणीदार म्हणून आलेले झाडून सगळे बारीक. गाल बसलेले, आठवड्याची दाढी, खांद्याला पंचा. एकजण तर पंधरा दिवस एकवेळ जेवून आला होता. जाड माणूस आलाच तर तो बुवांच्या कामासाठी. सगळ्या वाचकांच्या डोळ्यांसमोर एकच माणूस कसा, म्हणून एका रात्री मी आणि दिग्दर्शकानं शिसपेन्सिल घेऊन अख्खी कादंबरी चाळली. मोजणीदार दिसायला कसा आहे हे त्यात कुठंही नाही. तीनच गोष्टी सापडल्या. त्याची डावी चप्पल आधी झिजते, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली आहे, आणि हळदीच्या हंगामात त्याला शिंका येतात. बाकी जे काही आम्ही चाळीस वर्षं ‘वाचत’ होतो, ते पहिल्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावरच्या चित्रातलं होतं. चित्रकारानं कास्टिंग आधीच करून ठेवलेलं.

लेखक गेले, हक्क मुलीकडं. आपल्याकडं लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांकडं राहतात, त्यामुळं सिनेमा काढायचा तर आधी त्यांच्या दारात. या बाई सत्तरीच्या पुढच्या, साताऱ्याहून एक दिवस आमचं काय चाललंय ते बघायला आल्या. दुपारभर गप्प बसल्या. जाताना पर्समधून एक फोटो काढला: गोल चेहरा, सुटलेलं पोट, हसताना डोळे मिटलेले, पायात वहाणा. “बाबांचे मामा. मोजणीदार हे. बाबांनी यांच्यावरनंच लिहिलं.” आमच्यातलं कुणी बोललं नाही. मग कॅमेऱ्यावरचा मुलगा म्हणाला, “मॅडम, हे लोकांना दाखवू नका.”

तो चुकीचं म्हणत नव्हता. एकदा का चेहरा बसला की बसला. तुकाराम महाराज डोळ्यांसमोर आणा. जे आले ते बहुतेक विष्णुपंत पागनीस असतात. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ चा, आणि पागनीस त्याआधी रंगभूमीवर स्त्रीपार्ट करायचे. दामले-फत्तेलालांनी त्यांना घ्यायचं ठरवलं तेव्हा महाराज असे दिसत होते याला पुरावा काय होता? काहीच नाही. आज पुरावा मागितला तर लोक पागनीसांचाच फोटो काढतील.

त्याच्या आदल्याच वर्षी, त्याच प्रभातमध्ये, आमच्या जिल्ह्यातल्या नागठाण्याचे बालगंधर्व शांतारामबापूंच्या ‘धर्मात्मा’त एकनाथ झाले होते. दोघंही स्त्रीपार्ट करणारे, दोघंही गाणारे, दोघंही संत झालेले. पैकी पडद्यावर कोण राहिलं ते आपण बघतोच. रंगभूमीवर बालगंधर्व काय होते हे मी सांगलीकराला सांगायला नको. पण कॅमेऱ्याला थिएटरची शेवटची रांग नसते. हे मी पुस्तकात वाचलं होतं, कळलं मात्र त्या माडीवर.

कारण आमच्याकडं येणारे बरेचसे माझ्यासारखेच, राज्य नाट्यवर वाढलेले. आवाज भावे नाट्यमंदिराच्या बाल्कनीपर्यंत जायला हवा हे हाडात मुरलेलं. समोर चार फुटांवर कॅमेरा, आणि गडी बाल्कनीला सांगतोय. “सर, जरा कमी,” म्हटलं की आवाज कमी व्हायचा, भुवया तेवढ्याच राहायच्या. त्यात भाषेचा घोळ. बाहेर जिन्यात मस्त सांगलीच्या हेलात गप्पा मारणारा माणूस दारातून आत आला की पुणेरी व्हायचा. “मी कुठे उभा राहू?” तत्त्वज्ञान म्हणजे प्रमाण भाषेत, ही समजूत आमच्या शाळांनीच करून दिली आहे, मीही त्यातलीच. तिसऱ्या दिवशी कुपवाडच्या एका पोरानं विचारलं, “मॅडम, शुद्ध बोलू का आपलं?” दिग्दर्शक म्हणाला, आपलं बोल. पोरगं गोंधळलं. “मग हे वाक्य कसं म्हणायचं? असलं आमच्यात कोण बोलतच नाही.” आणि तो हसला. मला मात्र तो प्रश्न रात्री झोपताना परत आठवला. मोजणीदार तरी असलं कुणाजवळ बोलतो? बोलत नाही. तो मनात म्हणतो. पुस्तकभर.

पाचव्या दिवशी दिग्दर्शकानं दगडाचं पान बंद केलं. त्याऐवजी कुणाच्या लक्षातही नसलेला एक प्रसंग काढला. संध्याकाळची वेळ. मोजणीदार ओसरीवर जमीन मोजायची साखळी गोळा करत बसलाय. बायको येऊन सांगते की शेजाऱ्यानं आपल्या परड्याची भिंत घालताना दोन हात आत घेतलंय. ती दीड पान बोलते. जगाच्या हद्दी मोजणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या परड्यात शेजारी घुसलाय आणि हा घुम्यासारखा बसलाय, म्हणून तडतडते. त्यावर मोजणीदाराला एकच शब्द आहे: “बघू.”

ऑडिशनला एवढंच. बायकोचं मी वाचायचं.

साखळी मात्र खरी हवी, म्हणून खात्यातनं निवृत्त झालेल्या एका काकांना गाठलं. आता मोजणी यंत्रावर होते, उपग्रहावरनं मोजणारे रोव्हर आलेत, साखळी कुणी हातात धरत नाही. काकांनी माळ्यावरनं पोत्यात बांधलेली काढून आणली. ३३ फुटांची, तिचे सोळा भाग, म्हणजे सोळा आणे. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद की झाला गुंठा, असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. पोराबाळांना पाढे शिकवावेत तसं त्यांनी आम्हाला शिकवलं. गोळा कशी करायची तेही दाखवलं. नवा माणूस टोक धरतो आणि ओढत आणतो, मग गुंता. जाणता माणूस मधोमध धरतो आणि दोन्ही बाजूंच्या कड्या जोडीजोडीनं दुमडत आणतो. शेवटी हातात कडब्याच्या पेंढीसारखी मोळी राहते. काकांचे हात चालू असताना ते आमच्याशी जावयाच्या बदलीबद्दल बोलत होते.

मग आम्ही येणाऱ्या प्रत्येकाला काकांकडून दहा मिनिटं साखळी शिकवायची आणि आत सोडायचं. निम्मे लोक नाराज झाले. “डायलॉग एकच?” काही परत गेले. एकजण म्हणाला, “बघू तर आमची म्हसपण म्हणंल.” जे थांबले त्यांच्यात मात्र पहिल्यांदा काहीतरी दिसायला लागलं. हात गुंतलेले असले की चेहरा अभिनय करायचा विसरतो. कुणी साखळीतच हरवायचा आणि मी बोलतेय हे ध्यानातच राहायचं नाही. कुणी माझ्या दर वाक्याला मान हलवायचा. कुणी ‘बघू’ असं म्हणायचा जणू त्यात सगळी उपनिषदं आहेत. पण चार-पाचजण खरंच ऐकत होते, आणि ऐकणारा माणूस कॅमेऱ्यात विचार करणारा दिसतो. हे दिग्दर्शकाला आधीपासून ठाऊक होतं की तोही तिथंच शिकला, मी विचारलं नाही.

बाराव्या दिवशी माझे सर आले.

कॉलेजात त्यांनी मला ही कादंबरी शिकवली. शिकवली म्हणजे, तास सुटल्यावरही मुलं बाकावर बसून राहायची. वय सत्त्याहत्तर. पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी, पिशवीत कादंबरी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५. सरांचं घर गावभागातच. त्या पाण्यातनं राहिलेली ही प्रत. वाळल्यावर पुरीसारखी टम्म फुगलेली, रबर लावल्याशिवाय मिटत नाही, आणि प्रत्येक पानावर एकाच उंचीला मातकट रेघ.

मला वाटलं भेटायला आलेत. त्यांनी फॉर्म मागितला.

“सर, मोजणीदार पन्नाशीचा आहे,” मी चाचरत म्हटलं.

“कुठल्या पानावर?”

ते बरोबर होते. आम्हीच पेन्सिलनं शोधून बसलो होतो.

त्यांना उन्हातनं आल्यावर जिन्यातच धाप लागलेली. पाणी दिलं, पंखा लावला, मग बंद केला. दिग्दर्शकानं मुद्दाम त्यांना दगडाचं पान म्हणू दिलं. त्यांनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं आणि म्हटलं. तसंच. तोच आवाज, तीच थांबण्याची जागा, जिथं वर्गात ते खडू खाली ठेवायचे तिथं आताही हात खाली गेला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते माझ्या एकोणिसाव्या वर्षासाठी होतं. मॉनिटरवर एक निवृत्त प्राध्यापक उत्तम वाचन करत होते.

मग साखळी. काकांनी दाखवलेलं त्यांनी झटकन उचललं. मी बायकोचं वाचायला लागले. तिसऱ्या वाक्याला मला काहीतरी खटकलं, आणि पाचव्याला दिसलं काय ते. सरांचे ओठ हलत होते. माझं वाक्य मी बोलायच्या आधी त्यांच्या ओठांवर यायचं. पूर्ण दीड पान ते माझ्याबरोबर, आवाज न करता, बायको होते. नंतर “बघू” आलं, अगदी वेळेवर.

दिग्दर्शक फोन आल्यासारखं करून बाहेर गेला. असल्या वेळी फोन बरे येतात.

“काय म्हणतोय तो?” सर म्हणाले.

मला खोटं बोलता आलं असतं. कळवतो, असं आम्ही रोज चाळीस जणांना सांगत होतो.

“सर, तुमचे ओठ हलत होते.”

“कधी?”

“मी बोलत होते तेव्हा.”

ते जरा वेळ साखळीकडं बघत राहिले. मग म्हणाले, “वर्गात बायकोचं मीच म्हणायचो गं. दुसरं कोण होतं?”

पुस्तकाला रबर घातलं, दोन वेढे. उठताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. “म्हणजे आम्ही नापास. बरं. कोण सापडला की मला दाखव मात्र.” वाचनालयातल्या म्हाताऱ्याचं छोटं काम होतं, ते देऊ केलं, तर नको म्हणाले. जिन्यात एक पोरगं कोपऱ्यात तोंड करून दगडाचं पान घोकत होतं. सर त्याच्याजवळ थांबले, त्याचा एक उच्चार दुरुस्त केला आणि मग उतरले.

त्या दिवशी मी आणखी कुणाचं वाचलं नाही. डोकं दुखतंय म्हणून घरी आले.

लहानपणीच्या मोजणीदाराचं थोडक्यात सांगते, कारण तिथं वेळ गेला तो कागदपत्रांत. नऊ-दहा वर्षांची पोरं, बरोबर आया. पोरं टीव्हीवरच्या स्पर्धांसारखी, सांगितलं की रडणारी. निवडला तो भावाला सोडायला आलेला, खिडकीच्या गादीतला कापूस उपसत बसलेला. आईला धास्ती शाळेची. निर्मितीवाल्यांनी तिला सांगितलेले नियम मी वहीत लिहून ठेवलेत: जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला ५ तासांच्या वर काम नाही, सलग ३ तासांच्या वर नाही, आणि मिळकतीतले निदान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावानं ठेव. आई म्हणाली, “आणि केस कापायचे न्हाईत ना? जावळ ठेवलंय खंडोबाचं, नंतर फेडायचंय.” केस कापायचे होते. ती चर्चा अजून चालू आहे.

आता तो माणूस. पंधराव्या दिवशी आला, कवठेमहांकाळकडचा, जनावरांच्या दवाखान्यात परिचर. मोजणीदारासाठी आलाच नव्हता. ‘बांधावरचा तिसरा शेतकरी’ असं फॉर्मवर स्वतःच लिहिलेलं. सेहेचाळीस वर्षांचा, भरलेला, गोल चेहऱ्याचा. कुणी सोबती आजारी म्हणून एकदा स्पर्धेच्या नाटकात हवालदार झाला होता, तेवढाच अनुभव.

“कादंबरी वाचलीय का?”

“न्हाई मॅडम. पिक्चर आला की बघतो की.”

मोजणीदाराचं सगळ्यांना देतोय म्हणून त्यालाही दिलं. पंखे बंद. मी वाचायला सुरुवात केली. माझं हे दोनशे कितव्यांदा तरी असेल, वाचताना मी संध्याकाळच्या भाजीचा विचार करू शकत होते. तो मधोमध धरून कड्या आणत होता. भिंतीचं सांगितलं तेव्हा हात मंदावले, थांबले नाहीत. दोन हात आत घेतलंय म्हटल्यावर त्यानं दारातून परड्याकडं बघावं तसं भिंतीकडं बघितलं आणि परत खाली. मग एक कडी अडकली. बाकी सगळ्यांनी अडकलेली कडी ओढली असती, ओढलीच होती. त्यानं ती उजेडाकडं केली, अंगठ्याच्या नखानं उलटी सारली, सोडवली. माझं बोलणं संपलं होतं. तो काही बोलेना. एवढा वेळ गेला की कॅमेऱ्यावरच्या मुलानं माझ्याकडं बघितलं. मग तो साखळीला म्हणाला, “बघू.”

आणि मी म्हणाले, “काय बघू? बघू काय?”

हे स्क्रिप्टमध्ये नाही. मला राग आला होता. दोनशे वेळा वाचून पहिल्यांदा मला त्या बाईचा राग आला, म्हणजे तिला नवऱ्याचा येतो तसा. त्यानं मान वर केली, माझ्याकडं बघितलं, आणि थोडंसं हसला. दिग्दर्शकानं कट म्हटलंच नाही, कार्ड भरून कॅमेरा आपला आपण थांबला.

नंतर चहा पिताना मी विचारलं, एवढं शांत ऐकायचं कुठं शिकलात? त्याला प्रश्नच कळला नाही. मग म्हणाला, “दवाखान्यात मालक एक सांगतो, म्हस दुसरंच सांगती. दोन्हीकडं ध्यान ठेवाय लागतंय.”

ती क्लिप बाहेर कुणाला दाखवायची नसते. मी सरांच्या घरी जाऊन मोबाईलवर दाखवली. ते चष्मा सावरून अगदी जवळ घेऊन बघत होते, मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. संपल्यावर म्हणाले, “परत लाव.”

पुढचं मला बाजूनं कळलं. ज्यांचे पैसे लागणार होते त्यांना पोस्टरवर नाव पाहिजे होतं. दिग्दर्शक दोन आठवडे भांडला, हे मी लिहिलं पाहिजे, कारण नंतर मीच त्याच्याशी आठ दिवस बोलले नाही. मोजणीदार शेवटी मुंबईचा एक नावाजलेला नट करतोय. चांगला आहे तो, खोटं कशाला बोलू. बारीक, गाल बसलेले, दाढीही शोभते. पहिल्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावरनं उतरून आल्यासारखा. लोक खूश होतील. त्याच्या माणसानं आमच्याकडून कवठेमहांकाळची ती क्लिप ‘रेफरन्स’ म्हणून मागून घेतली. पाठवली मीच, काम माझंच होतं. पाठवताना बोट थांबलं एवढंच.

बायकोच्या कामाला कोल्हापूरची एक तरुण नटी आहे. दोनशे वेळा वाचताना कुणीतरी म्हणेल की ताई, तुम्हीच करा की, असं मला वाटत होतं. वाटत होतं हे मला ती नटी ठरल्यावर कळलं. दिग्दर्शक शेवटच्या दिवशी म्हणाला, “ताई, क्यू फार छान देता तुम्ही.” बावीस वर्षांत निम्मा वेळ प्रॉम्प्टिंग केलेलं वाया गेलं नाही म्हणायचं.

सांगली-मिरजेतल्या अकराजणांना कामं मिळाली. कुपवाडच्या पोराला तलाठ्याच्या शिपायाचं. आणि परिचराला भिंत दोन हात आत घेणाऱ्या शेजाऱ्याचं: तीन प्रसंग, सहा वाक्यं. ते कळवायचा फोन मलाच करायचा होता. मोजणीदाराचं तुमचं जवळजवळ ठरलं होतं हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं, मीही सांगितलं नाही. मधल्या काळात सरावाला म्हणून साखळी त्याच्याकडं दिली होती, ती काकांची परत द्यायची होती.

फोन लागला तेव्हा मागं एक रेडा की बैल ओरडत होता. मी काम सांगितलं, दिवस सांगितले. तो हो हो म्हणत गेला.

“शेजारी व्हय? बरं की. साखळी मग लागायची न्हाई.”

“नाही.”

“आता जमतीय झक्कास. पोरगं मोजतंय परडं रोज.” मग जरा थांबून म्हणाला, “मॅडम, तारखा तेवढ्या पंधराच्या आत बघा. पंधरापासनं लाळखुरकूतच्या लशी हायत, गावंच्या गावं करायची असत्यात, सुट्टी मिळायची न्हाई.”

मी वहीत लिहून घेतलं: पंधराच्या आत.